घरी चालू असलेली औषधं

रामनगर,
रविवार, २७ एप्रिल २०२५

चि. रक्षास,
अनेक आशीर्वाद.

आज पाचला जाग आली. अंगण झाडलं, पाणी भरलं. साडेआठला दुकान उघडलं, दीडला बंद केलं. गिऱ्हाईक बेताचं होतं. खोकल्याची औषधं गेली, दोन शुगरवाले येऊन गेले. गोव्याकडे निघालेला एक ट्रक ड्रायव्हर पोट बिघडलंय म्हणून आला, त्याला ओआरएसच्या पुड्या दिल्या. मग जेवले, भांडी घासली. आता तीन वाजलेत. मागच्या खोलीत पंख्याखाली बसून हे लिहिते आहे.

इकडे ठीक आहे. ऊन फार आहे. परशूमामा गुरुवारी नंदिगड्ड्याहून येऊन गेला. त्याची दाढ दुखते, पण काढायला तयार नाही. तुझी आठवण काढत होता.

तुला वाटेल, फोन असताना अक्कानं पत्र का लिहिलं. एक तर रेंज जाते. दुसरं असं की तू पलीकडून ‘अक्का’ म्हणालीस की मी बोलायला घेतलेलं राहून जातं. गेल्या आठ दिवसांत तीनदा राहिलं. मंगळवारी व्हॉट्सअॅपवर लिहून पाठवलं आणि तू वाचायच्या आत पुसलं. तू विचारलंस, ‘काय होतं?’ मी म्हटलं, चुकून गेलं. ते चुकून गेलेलं नव्हतं.

म्हणून कागदावर लिहिते. खाली सही करणार आहे. सही तुला लागेल.

तुझा अठरा तारखेचा मेसेज मी रोज वाचते. तू लिहिलंयस की तीन मेला, शनिवारी, तुमच्या मीटिंगमध्ये तू आईची केस मांडणार. रक्ताची गाठ होऊ नये म्हणून द्यायचं इंजेक्शन तू सुचवलंस, त्यानं पोटात रक्तस्राव झाला, चूक तुझी, असं सगळ्यांसमोर सांगणार. आणि पाच तारखेला राजीनामा देणार. ‘जिला स्वतःच्या आईचं कळलं नाही तिनं दुसऱ्याच्या आईच्या खाटेपाशी उभं राहू नये,’ असं लिहिलंयस. आणि शेवटी, ‘मी रामनगरला येते, तुझ्याबरोबर दुकानात बसते.’

तुझे तीन महिने राहिलेत. दोन वर्षांची रेसिडेन्सी, पहिल्या वर्षी सगळे वॉर्ड, दुसऱ्या वर्षी फक्त आयसीयू, आणि एवढ्या मोठ्या हॉस्पिटलात फार्मासिस्टला त्या शिक्षणाच्या दोनच जागा. हे आईनं दुकानात आलेल्या प्रत्येकाला इतक्यांदा सांगितलंय की ते मला झोपेतही म्हणता येईल.

मी तुला उत्तर दिलं, ‘घाई करू नको.’ तेवढंच. तुला वाटलं असेल अक्का समजूत घालते आहे. तसं नव्हतं. तो मेसेज वाचून मला आनंद झाला, रक्षा.

दुसऱ्या दिवशी मी स्टँडजवळून एक निळी प्लास्टिकची खुर्ची आणली आणि काउंटरच्या आत माझ्या खुर्चीशेजारी ठेवली. ती बसावी म्हणून अँटिबायोटिकचं कपाट वीतभर सरकवावं लागलं. एकटीनं सरकवलं.

आता मागचं सांगते. सगळं तुला माहीत आहे असं तुला वाटतं. तसं नाही.

बाबा गेले तेव्हा मी एकवीसची आणि तू नऊ वर्षांची. माझं डी.फार्म. नुकतंच झालं होतं. आपण पुढच्या खोलीत दुकान काढलं. तू शाळेतून आलीस की काउंटरखाली बसून स्ट्रिपा रंगांप्रमाणे लावायचीस आणि मी त्या परत नावांप्रमाणे लावायची. औषधांच्या खोक्यांवरची अक्षरं वाचत तू इंग्रजी शिकलीस. लोकांना मी सांगते की घरामुळे माझं पुढचं शिक्षण राहिलं. तुलाही तसंच वाटतं, आणि म्हणून तू माझ्याशी नेहमी जरा जपून बोलतेस. पण बी.फार्म.चा फॉर्म मी दोनदा आणला होता. आई म्हणाली होती, ‘जा, दुकान मी बगते, मामा हाय.’ तोंडी परीक्षा इंग्रजीत असते असं ऐकलं आणि मी तो भरला नाही. मला कोणी अडवलं नव्हतं.

तुला कोणी अडवलं नाही आणि तू भ्यालीही नाहीस. हे मला कधी सहन झालं नाही.

तुझा पांढऱ्या कोटातला फोटो आला तेव्हा आईनं तो फ्रेम करून आणायला लावला. मी म्हटलं, देवघराच्या खोलीत लावू. ती म्हणाली, ‘तितं कोन बगतंय? दुकानात लाव.’ माझ्या लायसन्सशेजारी तिनं तो लावून घेतला. मग जो येईल त्याला दाखवायची. एकदा लाडू रिक्षावाला आला होता. त्याची जीभ तुला माहीत आहे.

“काय देवकीअक्का,” म्हणाला, “धाकटी डाक्टरास्नी औषध सांगती म्हन्तात, व्हय?”

“व्हय,” आईच म्हणाली.

“मग तुमी काय कराय लागलाय हितं?”

“औषधं इकाय लागल्ये,” मी म्हटलं. “तुला काय पायजे ते बोल.”

“आमास काय, आमास डोकं दुकतंय. बेंगळुरास फोन लावून इचारा की कुटली देऊची ते.”

आई पोट धरून हसली. मीही हसले. तो गेल्यावर मी अँटिबायोटिकचं कपाट उगाच पुसलं.

असं बरंच आहे. सगळं लिहीत नाही. गेल्या वर्षी तुला आयसीयूची जागा मिळाली तेव्हा आईनं उळवीला नवस बोलला. जागा टिकू दे, चालत येईन म्हणाली. मी विचारलं, “माझ्यासाठी काय मागितलंस?” ती भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, “तुझं काय मागू? तू हाईसच की.”

तिच्या मनात वाईट काही नव्हतं. मलाही ते कळत होतं. तरी ते शब्द मी अजून विसरले नाही.

आता दिवाळीचं. तू चार दिवस आली होतीस. आईचे गुडघे दुखत होते आणि मी तिला दुखण्याची गोळी देत होते, रोज एक. तू तिच्या उशाखालची स्ट्रिप बघितलीस. मामा बसला होता, मामी बसली होती. तू मला म्हणालीस, “अक्का, ही रोज द्यायची नसते. बीपीच्या गोळीबरोबर तर नाहीच. किडनी जाते, पोटात जखम होते. तू फार्मासिस्ट आहेस ना?”

तू ओरडली नव्हतीस. पण मामानं माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, बंद करते. तू माझ्यासमोर स्ट्रिप केराच्या डब्यात टाकलीस आणि आईच्या गुडघ्याला शेक कसा द्यायचा ते दाखवलंस. तू गेल्यावर मी बारा दिवस शेक दिला. हे खरं आहे.

मग सुगी लागली. आई नंदिगड्ड्याला भात कापायला मामाकडे गेली आणि चौथ्या दिवशी परत आली, बसमधून उतरताना तिला दोघांनी धरलं. घरी आली, दुकानात कोणी नव्हतं, काउंटरशी येऊन हळूच म्हणाली, “देवकी, ती गोळी दी की गं.”

मी म्हटलं, “रक्षा रागावेल.”

“तिला सांगतंय कोन? ती हाय तिकडं लांब. माझी खरी डाक्टर तूच.”

मी दिली.

हे नीट वाच. मी ती दया म्हणून दिली असं मला कितीतरी दिवस वाटत होतं. तिला दुखत होतं, ते बघवत नव्हतं, हे आहेच. पण ती गोळी देताना मला बरं वाटायचं. सकाळी चहाबरोबर एक, संध्याकाळी एक, जास्त चालणं झालं तर दुपारी तिसरी. प्रत्येक वेळी आई दाराकडे बघून घ्यायची, जणू तूच येणार आहेस, आणि मग आम्ही दोघी हसायचो. तुझा फोन आला की ती मला डोळा घालून तुला सांगायची, “व्हय गं, शेक घेतो की मी.” आईचं आणि माझं असं तुझ्याशिवायचं दुसरं काही नव्हतं.

तीन महिने हे चाललं. उळवीच्या जत्रेला ती शेवटचा टप्पा चालत गेली, तुझ्या जागेसाठी, माझ्या गोळ्यांवर.

जत्रेहून आल्यावर आठेक दिवसांनी ती म्हणाली, “भायर काळं व्हतंय गं.” मी म्हटलं, “जत्रेत काय काय खाल्लंस कुणास ठाऊक.” काळी शी म्हणजे पोटात रक्त, हे मी डी.फार्म.च्या दुसऱ्या वर्षी शिकले आहे. पान सांगू शकेन. तरी मी जत्रेतल्या खाण्याला नाव ठेवलं आणि गिऱ्हाईक बघायला गेले.

मग ताप आला. इथल्या सरकारी दवाखान्यात आधी माकडताप आहे का म्हणून रक्त तपासलं, ते निघालं नाही. लघवीतला जंतू रक्तात गेला होता. पंचवीस फेब्रुवारीला बेळगावला नेलं. बीपी खाली, लघवी जवळजवळ बंद. पुढचं तू फोनवर होतीस, पण फोनवरून दिसतं ते वेगळं आणि तिथं होतं ते वेगळं.

आयसीयूच्या दाराशी नर्सनं फॉर्म काढला. त्यात एक रकाना होता, घरी चालू असलेली औषधं. ती कन्नडात विचारून लिहायला लागली. मी म्हटलं, “द्या, मी लिहिते, मी फार्मासिस्ट आहे.” ती म्हणाली, “हौदा? बरीरी, अक्का,” आणि लिहा म्हणून पेन माझ्या हातात दिलं. तिनं लिहिलं असतं तर एकेक विचारून लिहिलं असतं. मी दोन ओळी लिहिल्या. टेल्मिसार्टन चाळीस, सकाळी एक. कॅल्शियम, रात्री एक. ठसठशीत अक्षरात, स्पेलिंग बरोबर.

तिसऱ्या ओळीला पेन टेकवलं होतं. तेवढ्यात ते तरुण डॉक्टर आले. मी सकाळपासून त्यांना दोनदा काही विचारलं होतं, त्यांनी ‘बाहेर थांबा’ म्हटलं होतं. माझ्या फोनवर तू होतीस. मी फोन स्पीकरवर टाकून पुढे केला. तू तुझं नाव सांगितलंस, हॉस्पिटलचं सांगितलंस, काय शिकतेस ते सांगितलंस. त्यांनी तोंडावरचा मास्क खाली केला. “येस, मॅडम,” म्हणाले. मग तुम्ही दोघं दहा मिनिटं इंग्रजीत बोलत होता आणि मी फोन हातात धरून उभी होते. हात दुखायला लागला तेव्हा दुसऱ्या हातात घेतला.

मला कळत होतं तुम्ही काय बोलता ते. ऐकून कळेल इतकं इंग्रजी मला येतं. त्यांनी विचारलं, दुखण्याच्या गोळ्या वगैरे काही? मला विचारलं होतं की तुला, ठाऊक नाही. ते माझ्याकडे बघत होते. पण बोललीस तू. “नो, सर. ते मी दिवाळीतच बंद करवलंय. अक्का, बरोबर ना?”

मी मान हलवली.

ती मान मी तुझ्यासाठी हलवली की डॉक्टरांसाठी, ते माझं मला कळलेलं नाही. तिथं ‘नाही, चालू आहेत’ म्हणायचं म्हणजे त्या डॉक्टरसमोर, त्या नर्ससमोर, जिला मी एवढ्यात फार्मासिस्ट म्हणून सांगितलं होतं, मी तुझ्यापेक्षा खालची ठरणार होते. दिवाळीत मामासमोर ठरले तशी. मी पेन परत दिलं. तिसरी ओळ कोरी राहिली.

मग तू म्हणालीस, हालचाल नाही, पायात रक्ताची गाठ होऊ शकते, रक्तस्रावाचा धोका दिसत नसेल तर ते इंजेक्शन सुरू करावं. डॉक्टर म्हणाले, आमच्याही मनात तेच आहे. बुधवारी सकाळी सुरू झालं. धोका दिसत नव्हता, कारण तो माझ्या पर्समध्ये होता. अर्धी स्ट्रिप. घाईत निघताना आईनं स्वतः घालायला लावली होती.

बुधवारी नर्सनं मला विचारलं, अजून काही सांगायचं राहिलंय का. मी नाही म्हटलं. गुरुवारी कोणी विचारलं नाही. शुक्रवारी आईला रक्ताची उलटी झाली. डॉक्टर पळत आले, इंजेक्शन बंद केलं, रक्त चढवलं. तेव्हा तरी सांगायचं होतं. मी सांगितलं नाही. त्यांना ते सांगून उपयोग झाला असता की नाही हे तुला कळेल, मला नाही. शनिवारी तू आलीस. आईनं तुला विचारलं, “जागा टिकली न्हवं?” तू रडलीस. रविवारी सकाळी ती गेली.

आज छप्पन दिवस झाले. या छप्पन दिवसांत तू मला निदान दहा वेळा विचारलं असशील, अक्का, माझंच चुकलं का. मी दर वेळी म्हटलं, असं म्हणू नको, देवाची इच्छा. तुला वाटलं, अक्काचं मन मोठं आहे. मी तुला त्या चुकीत बसू दिलं, रक्षा. तू त्यात बसलेली मला दिसत होतीस आणि मला वाटत होतं, आता कळू दे हिला कसं असतं. अगदी या शब्दांत नाही. पण अर्थ तोच.

मग तुझा मेसेज आला आणि मी खुर्ची आणली.

पुढचं परवाचं, शुक्रवारचं. नंदिगड्ड्याची बायजाबाई आली होती, आईची मैत्रीण, जत्रेत बरोबर होती ती. गुडघ्यावर हात ठेवून पायरी चढली. काउंटरशी वाकून म्हणाली, “तुझ्या आईस देत व्हतीस न्हवं, त्या गोळ्या दी. ती म्हनायची, आमच्या देवकीच्या गोळीनं मी उळवी गाठली.”

मला वाटायचं ती गोष्ट आमच्या दोघींतच होती. आई गावभर सांगत फिरली होती.

माझा हात सवयीनं खणाकडे गेला. स्ट्रिप काढलीसुद्धा. आणि मग माझ्या तोंडून निघालं, “दुसरं काय काय घेतेस?”

“काय न्हाई. एक ती बीपीची.”

“आणि?”

“आनि काय? कवाकवा तिकडल्या दुकानातनं ह्याच आनतो.”

“किती दिवस?”

“तू काय पोलीस हाईस?”

“सांग गं, बायजाबाई. आणि बाहेरचं काळं होतं काय?”

ती काउंटरवरून सरळ झाली. मग म्हणाली, “तुला कसं कळलं?”

मी तिला गोळी दिली नाही. दुकान उघडं टाकून तिला रिक्षात घालून सरकारी दवाखान्यात नेलं. लाडूचीच रिक्षा होती. वाटेत एक चेष्टा केली नाही त्यानं. एका कागदावर मी तिची सगळी औषधं लिहून डॉक्टरांच्या हातात दिली, कुठली, किती, कधीपासून. त्यांनी तो वाचला, एकदा माझ्याकडे बघितलं आणि तिला दाखल करून घेतलं. आज तिचा मुलगा सांगून गेला की रक्त कमी होतं, चढवलंय, बरी आहे.

तू म्हणशील, अक्कानं चांगलं केलं. मला त्याचं काही वाटलं नाही. दवाखान्यातून परत येताना एवढंच कळलं की मी जे विचारलं ते माझं नव्हतं. तुझं होतं. ‘दुसरं काय काय घेता, आणि, आणि’ असं तू विचारतेस. दिवाळीत मामीला विचारत होतीस तेव्हा मी मनात म्हटलं होतं, किती मिजास. तुझ्या त्या मिजाशीनं बायजाबाई वाचली आणि तीच मी त्या फॉर्मवर चालू दिली नाही म्हणून आपली आई गेली असेल. नक्की सांगता येत नाही. तशीही गेली असती कदाचित. ते तू ठरव, सगळं समोर ठेवून. मी अर्धं ठेवून तुला ठरवायला लावलं होतं.

दुकानात आले तर ती निळी खुर्ची दिसली. त्यात मी तुला बसवणार होते, माझ्याशेजारी, आयुष्यभर, खोकल्याची औषधं द्यायला.

तर आता तो रकाना भरते. मीटिंगमध्ये हाच मांड.

घरी चालू असलेली औषधं:
टेल्मिसार्टन चाळीस, सकाळी एक, सहा वर्षं.
कॅल्शियम, रात्री एक, दोन वर्षं.
डायक्लोफेनॅक पन्नास, रोज दोन, आठवड्यातून तीन-चार दिवस तिसरी, पुष्कळदा उपाशीपोटी चहाबरोबर. २० नोव्हेंबर ते २४ फेब्रुवारी. पोटाचं संरक्षण म्हणून बरोबर दुसरी गोळी दिली नव्हती. दाखल होण्यापूर्वी पाच दिवस काळी शी. हे सर्व देणारी आणि माहीत असूनही न सांगणारी, रुग्णाची थोरली मुलगी.

तुला शिकवणाऱ्या मॅडमना हे पत्र दाखव. इंग्रजीत करून सांगावं लागलं तर सांग, एकही वाक्य गाळू नको. त्या डॉक्टरांनाही बेळगावला कळवायचं असेल तर कळव. मामाला मी स्वतः सांगणार आहे, या आठवड्यात. तू आधी बोलू नको, तेवढं माझ्याकडे राहू दे.

तू इंजेक्शन सुचवलंस ते तुला जेवढं सांगितलं होतं तेवढ्यावरून बरोबर होतं. हे मी तुझं मन राखायला लिहीत नाही. मी तुझं मन राखत नाही हे एव्हाना तुला कळलं असेल. राजीनामा देऊ नको. इथं येऊ नको. म्हणजे ये, सुट्टीला ये, मला तोंड दाखवावंसं वाटलं तर ये. पण दुकानात बसायला येऊ नको. मी बसू देणार नाही. ती खुर्ची काल मी दवाखान्यात बायजाबाईच्या मुलाला दिली, तो खाटेशेजारी जमिनीवर बसत होता.

एक खरं सांगते आणि थांबते. शनिवारी तू ही केस मांडशील तेव्हा मोठमोठे डॉक्टर गप्प बसून तुझं ऐकतील. मी हे लिहिताना ते मला डोळ्यांसमोर दिसतंय, आणि अजूनही ते मला आवडत नाही. ते जाईल असं वाटत नाही. पण तू उभी राहा आणि मोठ्यानं बोल.

फोन करायचा की नाही हे तू ठरव. मी करणार नाही. नाही केलास तरी समजेन.

वेळेवर जेवत जा.

तुझी अक्का म्हणवून घ्यायला लाजणारी,
देवकी नारायण मिराशी
रजिस्टर्ड फार्मासिस्ट, रामनगर

ता. क. हे उद्या पोस्ट उघडल्या उघडल्या स्पीड पोस्टनं टाकते, गुरुवारी, फार तर शुक्रवारी मिळेल. घरात डिंक नाही. दुपारचा भात बराच उरलाय, एकटीच्या तांदळाचा अंदाज मला अजून येत नाही. त्यातलं शीत घेऊन पाकीट चिकटवते आहे.